आबा गादीवर हात आपटतील का?

की आपटणार नाहीत? जेवताना, भांडी विसळताना आणि आता सगळे झोपल्यावर हे लिहायला बसले तरी माझ्या डोक्यात तेवढंच आहे. आबा म्हणजे माझे सासरे, महिपती. साठी उलटून गेलीय. गेल्या आठवड्यापासून ते माझ्या नऊ वर्षांच्या कोमलबरोबर जिउ-जित्सू शिकायला जातायत. या खेळात समोरच्यानं हात पिरगळला किंवा मान आवळली आणि सहन होईना, की गादीवर हात आपटायचा. आपटला की समोरचा सोडतो. सगळा खेळ त्या एका खुणेवर चालतो. आणि आजपर्यंत आबा ती खूण करत नव्हते.

"लग्नाला चाळीस वर्सं झाली," सासूबाई म्हणाल्या, "चुकलं असं एकदा म्हनलं न्हाई ह्या मानसानं. हात कुटला आपटतोय!"

आबा बेडसे गावचे. भाताची खाचरं सांभाळली, तळेगावला कारखान्यात पाळ्या केल्या, पण कुणी विचारलं तर स्वतःला पैलवानच म्हणवतात. मोठा किताब कधी मिळाला नाही. मावळातली जत्रा मात्र एकही सोडली नाही. एका जत्रेत त्यांचा डावा खांदा निखळला. तसाच दात आवळून त्यांनी समोरच्याला चीत केला आणि मगच बैलगाडीत आडवे झाले. ही गोष्ट कोमल पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. तो हात आजही डोक्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर सासूबाईंना हाक मारावी लागते. गोष्टीतला एवढा भाग ते गाळतात.

जिउ-जित्सूचं खूळ कोमलचं. पण एकटी जायला ती तयार नव्हती. "आबा येणार असतील तरच." आबांनी मिशीवर हात फिरवला. पोरीला सोबत म्हणून, असं तोंडानं म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात जोर काढताना मी त्यांना पाहिलं.

आदिनाथनं, माझ्या नवऱ्यानं, लोणावळ्यातला क्लास शोधला. तो तिथंच एका हॉटेलात कामाला आहे. काचेचा दरवाजा, भिंतीवर पदकं, गार हवा. मुलांची वेळ वेगळी, मोठ्यांची वेगळी. मी शिकवणाऱ्या सरांना विचारलं, "एखाद्यानं हात आपटलाच नाही तर?"

सर हसले. "आपटतात हो मॅडम. दुखलं की सगळे आपटतात."

मी आबांकडे पाहिलं. आबा छताकडे पाहत होते.

दुसरा क्लास कामशेतला, भाताच्या गोदामावरच्या हॉलमध्ये. जिना चढताना कोंड्याचा वास येतो. वर निळ्या गाद्या अंथरलेल्या आणि आबांच्या खांद्याएवढी एक मुलगी झाडू मारत होती.

"मास्तर कुटं हायत?" आबांनी विचारलं.

"मीच की. सुषमा."

पवनेच्या बाजूच्या डोंगरवाडीतली ही पोर. पुण्यात नोकरी करता करता शिकली आणि इकडं परत येऊन क्लास काढला. मी तिलाही तोच प्रश्न विचारला. तिनं झाडू भिंतीला टेकवला. "मग आपणच सोडायचं, वहिनी. त्याचा हात आपल्याच हातात असतो ना? किती ताणलाय ते आपल्याला कळतं."

मग ती गादीवर सरळ पाठीवर आडवी झाली. "या आबा."

"अगं पोरी, तू तर आदीच चीत झालीस! आता काय खेळायचं?"

"आमचं चीत झाल्यावरच सुरू होतं."

आबा हसत हसत पुढं झाले. काय झालं ते मला नीट दिसलंही नाही. टोपी एकीकडं, आबा एकीकडं, आणि त्यांची मान सुषमाच्या पायांच्या कैचीत. तोंड लालबुंद. हात गादीवर आपटायचा सोडून त्यांनी मूठ आवळली. सुषमानं लगेच पाय सोडले.

"का सोडलंस?" आबा चिडले. "म्या हरलो नव्हतो."

"नव्हताच. पण घरी मावशी असतील ना? त्यांना मी काय सांगू?"

घरी येताना आबा मान चोळत होते. बेडश्याच्या फाट्याला वळल्यावर एकदम म्हणाले, "ती पायाची कैची लय भारी हाय. उद्या परत जाऊ."

सुषमानं आठवडाभर येऊन बघायला सांगितलं होतं. नाव घालायचं की नाही ते नंतर ठरवा म्हणाली. त्या आठवड्यात आबांचं वय निम्म्यावर आलं. त्यांनी खेळाचा तो जाड पांढरा कोट आणला, सासूबाईंनी तो नीळ घालून धुतला, आणि नीळ जरा सढळ पडली. सगळा वर्ग पांढरा, आबा आभाळी. पोरं सुषमाला विचारायला लागली, हा रंग मिळायला कोणती परीक्षा द्यावी लागते? सुषमा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आधी नातवंडं व्हावी लागतात." मुलांच्या आणि मोठ्यांच्या तासांच्या मधे थोडा वेळ सगळे एकत्र खेळतात. त्या वेळात आबा पोरांना बैठका शिकवतात, आणि पोरं आबांना पाठीवर पडून कसं लढायचं ते.

हात मात्र त्यांनी एकदाही आपटला नाही. दर वेळी सुषमा सोडायची.

आज संध्याकाळी कोमल तिच्याच वयाच्या एका मुलीशी खेळत होती. त्या मुलीनं तिचा हात धरून सरळ ताणला. पकड पक्की होती. कोमलनं ओठ दाताखाली धरला आणि मूठ आवळली. हुबेहूब आबांसारखी. मी बाकावरून उठले.

सुषमाचा हात दोघींच्या मधे पोचला, आणि त्याच क्षणी फाडफाड आवाज झाला. आबा होते. ते कडेला गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांनी गादी बडवत होते. "सोड! सोड गं बाय! झालं!"

सगळे वळून बघायला लागले. त्या मुलीनं केव्हाच सोडलं होतं. कोमल उठून बसली आणि आबांवरच उखडली.

"तुम्ही का आपटला? मी हरले नव्हते! तुमचा तर खांदा निखळला होता, तरी तुम्ही…"

आबांनी तिचा हात घेऊन कोपरापासून बोटांपर्यंत चाचपून पाहिला. "हरली न्हाईस," ते म्हणाले. "पन ह्यो हात उद्या पायजे आपल्याला." मग स्वतःचा डावा हात पुढं करून, "माजा बघ. डबा काढायला तुझी आजी लागती."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"ते काय सांगायचं असतं का? ये, आता माजा हात धर. त्या पोरीनं धरला तसा."

कोमलनं धरला. अजून नीट ताणलाही नव्हता, तोच आबांनी गादीवर असा हात आपटला की खालच्या गोदामातला हमाल वर बघायला आला. कोमलला इतकं हसू आलं की तिची पकडच सुटली. तिनं तो हात पुन्हा पुन्हा धरला, आणि आबांनी पुन्हा पुन्हा आपटला.

नंतर एका टेम्पोवाल्या भाऊनं आबांची मान धरली, तेव्हा मी बाकाच्या कडेला सरकले. आबांनी मूठ आवळली. मग त्यांची नजर कोमलवर गेली. ती टक लावून बघत होती. आबांनी दोन बोटं गादीला लावली, तवा तापला का बघावं तशी. भाऊनं सोडलं.

घरी आल्यावर हे ऐकून सासूबाई कोमलला म्हणाल्या, "ती पकड मला शिकीव गं."

आदिनाथचं अजून लोणावळ्याच्या क्लासकडं मन आहे. जागा चांगली आहे, हे मलाही दिसतं. शेवटचा निर्णय त्यानं माझ्यावर सोपवलाय. माझी काळजी सगळी गेली, असं नाही. कोमल समोर नसताना आबा काय करतील, याची मला खात्री नाही. पण ती बघत असली की ते हात आपटतात, आणि ते आपटतात म्हणून तीही आपटेल. लोणावळ्यात त्या दोघांच्या वेळा वेगळ्या पडतील.

सकाळी सुषमाला फोन करते. दोघांचं नाव घाल म्हणून सांगते, आणि आबांना मोठ्यांच्या तासाला एकट्याला घेऊ नकोस, निदान हे वर्षभर तरी कोमलच्या नजरेसमोरच खेळव, एवढं मागते.