बुधलीकाकांचा घसरलेला 'ते'

आमच्या समोरच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात पडद्यामागे वहिनी बसते आणि गल्ल्यावर तिचा दीर. ती माझी कोणी लागत नाही, पण अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणते. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की दीर चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, "बघतो मी." मग मशीन पडद्याआड सरकवून वर्तमानपत्र उघडतो. पेचकस शेवटचा कधी धरलास, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "रोज धरतो. पाठ खाजवायला."

सासऱ्यांनी काम शिकवलं ते दोन्ही मुलांना. थोरला बस चालवायला गेला, धाकटा गल्ल्याला चिकटला, आणि शेजारी नुसता दिवा धरून उभी असायची ती सून शिकून बसली.

चार वर्षांपूर्वी फोनवरच्या मशीन दुरुस्तीच्या एका ग्रुपमध्ये तिने कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर दिलं. 'मी सांगते' अशी सुरुवात. खाली लगेच शेरा आला, "ताई, घरात कोणी जाणकार पुरुष असतील तर त्यांना विचारून सांगा." वहिनी ग्रुपमधून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी तेलाच्या बुधलीचा फोटो लावून, 'बुधली' या नावाने परत आत शिरली.

आता आपल्या भाषेची खोड बघा. तोंड उघडलं की बाई की बाप्या, लगेच कळतं. 'सांगते' म्हणावं तर ताई, आणि 'सांगतो' लिहायला हिचं बोट रेटेना. "खोटं कशाला लिहू?" म्हणे. मग तिने तिसरीच वाट काढली. सुई वर घ्यावी, स्क्रू सैल करावा, तेलाचा एकच थेंब सोडावा. चार वर्षं ही बाई सरकारी परिपत्रकासारखी बोलली. लोकांना वाटलं, कारखान्यातून निवृत्त झालेले कोणी कडक फोरमन असणार. 'बुधलीकाका' म्हणून दबदबा झाला. काकांना गुडघ्यांसाठी तेलही सुचवलं गेलं. मी वाचून हसलो, तर म्हणाली, "हसा. दुखतातच माझे गुडघे."

गेल्या महिन्यात एका शिवणवालीने ग्रुपवर लिहिलं: टाके सुटतायत, मेकॅनिक म्हणतो भंगारात घाला, आणि शाळेचे गणवेश परवा द्यायचेत. 'पक्कड' नावाचा तिथला एक मुरलेला गडी म्हणाला, "बरोबर आहे, टाकून द्या." वहिनीचं डोकं फिरलं. घाईघाईत तिने लिहिलं, "टाकू नका. तसंच मशीन माझ्यापुढे उघडं आहे. बघून सांगते."

"सांगते?" पक्कडने विचारलं. पाठोपाठ, "मग चार वर्षं आम्ही कोणाचं ऐकत होतो?"

शिवणवाली बिचारी रडकुंडीला आली. "आता मी कोणाचं ऐकू? माझ्याकडे हे एकच मशीन आहे."

दिराने पडद्यातून मान घातली. "वहिनी, पुसून टाका. बोट घसरलं म्हणा."

"घसरलं नाही, भाऊजी. जागेवर आलंय."

आणि ती लिहायला बसली. "मी बाई आहे. मशीनला त्याने काही फरक पडत नाही. आता नीट बघा. मी चाक हाताने फिरवते. तुमच्याकडे सुईखालच्या शटलचं टोक दोऱ्याला गाठत नसेल, तर सुईची दांडी केसभर वर सरकलीय. मी दांडीचा स्क्रू सैल करते. दांडी खाली घेते. स्क्रू आवळते." प्रत्येक 'ते' खिळ्यासारखा ठोकलेला. सोबत फोटो, स्वतःच्या तेलकट हातांचा.

तासाभराने शिवणवालीचा फोटो आला. निळ्या कापडावर सरळसोट शिवण. "काकू, टाका धरला."

चौथ्या दिवशी पक्कड म्हणाला, "बुधलीकाकू, माझ्या मशीनला कापड पुढे सरकत नाही. सवडीने बघाल का?"

वहिनीने लिहिलं, "बघते."

"एवढंच?" मी म्हटलं. "थोडं चिडवायचं तरी."

"फोटो नीट नाही म्हणून परत मागवलाय. तीनदा."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. दिराने चष्मा कपाळावर चढवला. "बघतो..." पडद्यामागे पेचकस टेबलावर जरा जोरात आपटला. दिराने चष्मा परत नाकावर घेतला. "बघते. ती बघते. आत न्या."

पडदा आता धुवायला गेलाय म्हणे. तीन आठवडे झाले.