तारखेपुरता कोंडलेला साक्षीदार

नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली आणि खरं सांगायचं तर त्यांतली बहुतेक विसरलो. एक मात्र विसरता येत नाही. त्याच्या धोतराला कुसळं लागली होती.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शहापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. भर उन्हाळ्यात एका सकाळी डोळखांबच्या पलीकडचा पोलीस पाटील वर्दी घेऊन आला, की कोरड्या ओढ्यात एक म्हातारा मरून पडलाय. ओढ्याच्या अलीकडे आमची हद्द, पलीकडे मुरबाडकरांची. मी पोचलो तेव्हा दोन्हीकडचे हवालदार काठावर उभे राहून हुज्जत घालत होते, डोकं कोणाच्या बाजूला आणि पाय कोणाच्या. दोघांनाही झापलं. मेलेल्या माणसाला उन्हात ताटकळत ठेवून हद्द मोजणाऱ्यांची मला पहिल्यापासून चीड आहे. पंचनामा मी केला आणि अकस्मात मृत्यूची नोंद माझ्याच ठाण्यात घेतली.

अंगावर जखम नव्हती. खिशात दम्याच्या गोळ्या होत्या.

"ऊन लागलं असणार साहेब," आमचा हवालदार म्हणाला. "दम्याचा माणूस, चालता चालता पडला."

"आणि ही कुसळं?"

"गवतातनं आला असंल."

"कुठल्या गवतातनं? मान वर करून बघा जरा."

त्याने पाहिलं. वणवा लागून दोन्हीकडचे डोंगर काळे पडले होते. ओढ्यात नुसते दगड. गवताची काडी शोधून सापडली नसती आणि म्हाताऱ्याच्या धोतरात मात्र कुसळांचा थर रुतलेला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? माणूस मेला एकीकडे आणि आणून टाकला दुसरीकडे.

ओळख दुपारपर्यंत पटली. मुरबाडच्या बाजूचा जनावरांचा दलाल होता तो. सगळे त्याला मामा म्हणत. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी, म्हशाच्या जत्रेत, बैलाचा सौदा उपरण्याखाली होतो. घेणारा आणि देणारा कापडाखाली हात धरतात, बोटं दाबून भाव ठरवतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. मामांच्या उपरण्याखाली ठरलेला सौदा कधी मोडला नाही, असं लोक सांगत. प्रेताच्या खांद्यावर मात्र उपरणं नव्हतं.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा बायको ओट्यावर बसली होती. रडून झालं होतं तिचं.

"धोतर निघायच्या आदल्या दिवशीच धुतलं होतं," ती म्हणाली. "कोर्टात साक्षीला जायचं म्हणून नीळ घालून. तारखेला वेळेवर पोचावं म्हणून परवाच मुरबाडला मुक्कामाला निघाले. काल कोर्टात तीनदा पुकारा झाला आनि ते हजर नाय. गाव म्हणतं, मामा फुटला, पळाला. साहेब, तुमी एवढंच करा. ते पळाले नाय, हे लोकांना सांगा."

माणूस गेला त्याच्यापेक्षा त्याचा शब्द गेला, याचं तिला जास्त लागलं होतं. मला तिचा आदर वाटला आणि गावाचा संताप आला. आदल्या दिवसापर्यंत ज्याच्या शब्दावर बैल द्यायचे, त्याच्यावर विश्वास ठेवायला एक दिवस धीर धरवला नाही या लोकांना.

खबर दिली नाक्यावरच्या चहावालीने. ठाण्यात यायची तिची तयारी नव्हती, म्हणून मीच तिच्या टपरीवर चहाला गेलो. भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता ती बोलली.

"तारखेच्या आदल्या सकाळी मामा एसटीला थांबलेले. वखारीची जीप आली. ये बस मामा, सोडतो मुरबाडला, असं म्हणाला तो. आनि जीप गेली शेणव्याच्या रस्त्याला. मुरबाडला जानारा मानूस तिकडं कशाला जाईल?"

"तो म्हणजे कोण?"

"वखारवाल्याचा मेव्हना. माझं नाव नको घेऊ सायेब."

शेणव्याच्या रस्त्यावरची, शहापूर तालुक्यातली ही वखार म्हणजे गवताची. डोंगरावरचं गवत विकत घ्यायचं, दाबयंत्रात घालून गठ्ठे करायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे, हा आमच्याकडचा जुना धंदा. मामांची साक्ष होती ती याच वखारवाल्याच्या विरुद्ध.

मी फौजदारी माणूस, दिवाणीतलं मला फारसं कळत नसे. मुरबाडला एका ओळखीच्या वकिलांकडे जाऊन बसलो आणि लहान मुलाला सांगता तसं सांगा म्हणालो. त्यांनी सांगितलं. मुरबाडच्या एका शेतकऱ्याने आपल्या डोंगराचं गवत दर हंगामात या वखारवाल्याला द्यायचं, दुसऱ्या कोणाला नाही, असं म्हशाच्या जत्रेत मामांच्या मध्यस्थीने तोंडी ठरलं होतं. दुसऱ्याच वर्षी वखारवाल्याने गवत उचलायला नकार दिला आणि ते कुजलं. शेतकऱ्याने मुरबाडला दावा लावला. वखारवाल्याने हरकत घेतली, की सौदा म्हशाला झालाच नाही, माझ्या वखारीत झाला, तेव्हा दावा शहापूरच्या कोर्टात चालला पाहिजे.

"मग कोर्ट काय करतं?"

"अशी हरकत आली की आधी तेवढाच प्रश्न निकाली काढायचा. करार कुठे झाला, कुठे पाळायचा होता, प्रतिवादी राहतो कुठे. यांतलं काही या कोर्टाच्या हद्दीत येत असेल तर दावा इथे चालतो. सौद्यात कोण खरं, कोण खोटं, ते सगळं नंतर."

"आणि हद्द नाही असं ठरलं तर?"

"तर दावा परत देतात. वादीने तो शहापूरला दाखल करायचा. दावा मरत नाही हो."

मामांना त्या दिवशी एवढंच विचारणार होते, की हात कुठे मिळवले.

मेव्हण्याला ठाण्यात आणला. तिशीचा, धिप्पाड, दाजींच्या जिवावर जगणारा. मी त्याच्यावर हात उगारला नाही. उगारून जे मिळतं ते कोर्टात टिकत नाही, आणि चोराच्या मनात चांदणं असतंच. चहा दिला आणि प्रेताचा विषयच काढला नाही.

"तारखेला मामा काय सांगणार होते रे?"

"म्हशाचं नाव घेनार होते."

"घेतलं असतं तर?"

"तर आमी हरलो असतो ना साहेब. दाजींचं नाव गेलं असतं, वखार गेली असती. वकील दाजींना म्हणालेच, दलालाने म्हसा सांगितला तर आपला मुद्दा गेला. मी बाजूलाच उभा होतो."

"मुद्दा गेला म्हणजे खटला गेला, असं कोणी सांगितलं तुला?"

"म्हणजे?"

"अरे, कोर्ट फक्त हे ठरवत होतं की हा दावा बसून ऐकायचा कुठे. मुरबाडला की शहापूरला. गवताचं काय, तुझ्या दाजींचं काय, त्यातलं त्या दिवशी काहीच ठरणार नव्हतं."

त्याने हातातला कप खाली ठेवला.

"मंग ठरायचं काय राहिलं होतं?"

"सगळंच."

त्यावर तो रडायला लागला आणि मग सगळं बोलला. मामांना मारायचं नव्हतं. तारखेपुरतं कोंडायचं होतं. वखारीत गठ्ठ्यांच्या मागे बसवून, भाकरी आणि पाण्याचं मडकं ठेवून त्याने कुलूप घातलं. वरती पत्रे, खाली कोंदलेली गवताची धूळ आणि माणूस दम्याचा. दुसऱ्या दिवशी पुकारा होऊन गेल्यावर त्याने कुलूप काढलं, तेव्हा मामा दाराशी मरून पडले होते; रात्री त्याने प्रेत जीपमधून नेऊन ओढ्यात टाकलं. दारावर नखांचे ओरखडे होते, ते मी नंतर पाहिले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथे मारुती नव्हता, मढं होतं.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून पंचांसमक्ष त्यानेच गठ्ठ्यांच्या मागून मामांचं उपरणं काढून दिलं. शवविच्छेदनात डॉक्टरांना नाकातोंडात गवताचा भुसा मिळाला. चहावाली अखेर स्वतःच्या पायाने सत्र न्यायालयात आली आणि स्पष्ट बोलली. मेव्हण्याला सदोष मनुष्यवधाची आणि पुरावा नाहीसा करण्याची शिक्षा लागली. वखारवाला पुराव्याअभावी सुटला. तो म्हणाला, मला यातलं काही माहीत नव्हतं. माझं मत मी माझ्यापाशी ठेवतो.

दिवाणी कोर्टाचा हद्दीवरचा हुकूम त्याआधीच झाला होता. मी मुद्दाम मुरबाडला जाऊन तो वाचून घेतला. पहिल्या वर्षी गवत कापलं, मोजलं, गाडीत भरलं ते सगळं मुरबाड तालुक्यात, आणि हे वखारवाल्याने स्वतःच्या कैफियतीतच, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, कबूल केलं होतं. तेव्हा सौदा कुठेही झालेला असो, दावा इथे चालू शकतो. करार कोठे झाला याचा पुरावा घेण्याची आवश्यकता नाही. मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि कागद टेबलावर आपटला. कारकून दचकला बिचारा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे उठसूट सांगतात. मला ते पटत नाही. तो शेतकरी पायरी चढला म्हणून त्याने काही गुन्हा केला नव्हता. पण त्यानंतर बदली होऊन जिथे जिथे गेलो, तिथे ठाण्यात येणाऱ्याला मी एकच सांगत आलो. बाबा रे, वकिलाला विचार, आज काय ठरणार आहे आणि काय ठरणार नाही. लोक मला चक्रम म्हणायचे. म्हणोत.

हुकुमाचं सांगायला मामांच्या घरी मीच गेलो. गाव एव्हाना गप्प झालं होतं, आणि मामा पळाले नव्हते हे सगळ्यांना कळलं होतं. बाईंनी पाणी दिलं.

"शेतकऱ्याचा दावा मुरबाडलाच चालणार," मी म्हणालो.

"म्हणजे यांच्या साक्षीवाचून अडलं नाय?"

खोटं सांगावंसं वाटलं. जमलं नाही.

"नाही बाई. नाही अडलं."

तिने दोरीवरचं धुतलेलं उपरणं काढलं आणि घडी घालत बसली. ते मीच कोर्टातून सोडवून आणून दिलं होतं.