एक कमी हाय

बिरूसर स्टुडिओत आले की चपला दाराबाहेर काढायचे, चित्रासमोर फरशीवर उकिडवे बसायचे आणि बराच वेळ बघत राहायचे. जवळ जाऊन रंगाचा थर निरखणं नाही, डोळे बारीक करणं नाही, नुसतं बसणं. एम.एफ.ए.च्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्या चित्रासमोर असे खाली बसले तेव्हा मला वाटलं, सरांना चक्करच आली. मी घाईघाईने पाण्याची बाटली पुढे केली. सर शांतपणे पाणी प्यायले आणि म्हणाले, "ह्यात एक कमी हाय." काय कमी आहे म्हणून विचारलं, तर उठून पुढच्या चित्राकडे निघून गेले.

आमचं कला महाविद्यालय मिरजेच्या रस्त्याला, उसाच्या रानांना लागून. पदवीनंतरची दोन वर्षं काढायला आम्ही पाच-सहा जण तिथे आलो होतो आणि सर आमचे मार्गदर्शक होते. ते आटपाडीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. लहानपण बापामागे कळप घेऊन फिरण्यात गेलेलं. कलेचा इतिहास शिकवताना अगदी पुस्तकी मराठी बोलत. चित्र बघायला बसले की मात्र गावची भाषा तोंडात यायची. कुणी विचारलंच तर म्हणत, "शिकवायला पुस्तकातलं चालतंय. बघायला न्हाई चालत."

त्या 'एक कमी'चा उलगडा चहाच्या टपरीवर झाला. मेंढरं मोजली की घटतात, असं त्यांच्याकडे मानतात. म्हणून कळप संध्याकाळी मुक्कामाला आला की त्यांचे वडील नुसतं बघत उभे राहायचे. "आबा कवा मोजायचा न्हाई. एखादं मागं ऱ्हायलं असलं की त्याच्या डोळ्याला खुपायचं," सर सांगत होते. "कुठलं ऱ्हायलं ते मागनं कळायचं. पर एक कमी हाय, हे आधी." मग काय, आम्हाला चाळाच लागला. मेसची आमटी तोंडात घातली की एक कमी हाय, प्राचार्यांचं भाषण संपलं की एक कमी हाय. त्यावर सगळ्यात आधी हसायचे ते सरच.

मला मात्र पुढे पुढे हसू येईना. माझं शेवटच्या वर्षाचं मोठं चित्र होतं आमच्याच रानाचं. ऊस तुटून गेलेला, वाळल्या पाल्याचं पाचट पसरलेलं आणि वर नुसतं आभाळ. आमचं गाव रहिमतपूरजवळ. दादा सैन्यात, ऊस बघायला वडील, आणि मी चित्रं काढणार, हे घरात कुणालाच पटलेलं नव्हतं. निकाल चांगला आला तर पुढेही चित्रं काढायची, नाहीतर तालुक्याच्या शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून रुजू व्हायचं, असं वडिलांशी ठरलं होतं. आणि सरांचं वर्षभर एकच पालुपद. मी आभाळ बदललं, बाभळ घातली, कावळे बसवले, पुन्हा उडवले. सर बसायचे, बघायचे आणि तेच म्हणायचे. जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

शेवटच्या डिस्प्लेच्या आदल्या दिवशी रंग ओला होता म्हणून चित्र व्हरांड्यात ठेवलं. शेजारच्या रानातला ऊस नुकताच गेला होता आणि रानवाल्यांनी नेमकं त्याच दुपारी पाचट पेटवलं. आमच्या भागात त्या दिवसांत कुणी धुणंसुद्धा बाहेर वाळत घालत नाही. आणि मी, उसाच्या घरात जन्मलेली शहाणी, ओलं तैलचित्र उघड्यावर ठेवून जेवायला गेले! परत येऊन बघते तर जळक्या पाचटाची काळी राख सगळ्या चित्रभर चिकटलेली. मी फडकं घेऊन धावले. सर आले, म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुसाया गेलीस तर सगळंच काळं हुईल." तसंच लावलं.

मुंबईहून आलेले परीक्षक बाकीच्यांची चित्रं भराभर बघत माझ्यापाशी येऊन थांबले. मोबाईलवर फोटो काढले. रानाच्या चित्रात रानाचीच राख, फार धाडसी निर्णय आहे म्हणाले. कसा सुचला, विचारू लागले. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून सरांचा आवाज आला, अगदी पुस्तकी मराठीत. "तो निर्णय तिचा नाही. शेजारी पाचट पेटलं होतं, राख उडून येऊन बसली." परीक्षक कसंनुसं हसले आणि पुढे गेले. निकाल जेमतेम लागला.

मी तणतणत सरांकडे गेले. तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं, असं तोंडावर विचारलं. ते स्टुडिओला कुलूप लावत होते.

"राख झ्याक दिसत हुती गं. मलाबी आवडली," ते म्हणाले. "पर ती नेमकी तुझ्या कमीवर जाऊन बसली. आज सगळ्यांनी वाहवा केली असती, तर तू ते कमी जन्मात हुडकलं नसतंस."

"पण कमी काय आहे, ते तरी सांगा."

"मला काय ठावं? रान तुझं हाय."

असा राग आला होता! मी घरी आले आणि शाळेत रुजू झाले. ब्रशला हात लावला नाही.

पुढच्या हंगामात आमच्या रानातलं पाचट पेटवलं तेव्हा मी बांधावर होते. वडिलांनी काडी लावली आणि रस्त्यावर जाऊन कुणाशी तरी बोलत उभे राहिले. रानात राहिली आई. हातात लिंबाचा ओला डहाळा, तोंडाला पदर, आणि शेजाऱ्याच्या उभ्या उसाकडे जाळ सरकला की झोडपून विझवायचा. दरवर्षी हे काम तिचंच. शेवटची ठिणगी विझेपर्यंत ती हलायची नाही. मी ते रान काढलं होतं रस्त्यावरून, वडील पाहुण्यांना दाखवतात तिथून. तिथून आई दिसतच नाही.

त्या रविवारी नवा कॅनव्हास ताणला. आई म्हणाली, मला कशाला काढतीस, वैनीला काढ की, ती तरी बरी दिसतीया.

सर तोवर निवृत्त होऊन आटपाडीकडे गेले होते. चित्राचा फोटो पाठवला, तर फोन आला, "मोबाईलात कळप मावत न्हाई. घिऊन ये." टेम्पोत घालून नेलं. अर्धांगाने त्यांची एक बाजू गेली होती. खाटेवर बसून बघा म्हटलं तर ऐकेनात. सरांच्या पत्नीने आणि मी धरून त्यांना अंगणात खाली बसवलं, पाठ भिंतीला टेकवून. सर बघत राहिले. इतकी भीती मला कुठल्याच परीक्षकाची वाटली नव्हती.

खूप वेळाने म्हणाले, "आली."

मग विचारलं, आईला दाखवलंस का. दाखवलं, पदर नीट काढायचा होतास म्हणाली, असं मी सांगितलं. सर ठसका लागेपर्यंत हसले. परतताना टेम्पोत मी रडत होते, आणि चित्रं सोडायची नाहीत हे मनाशी पक्कं झालं होतं. आजही शाळा सुटली की मी रोज रंगवायला बसते.

यंदा सर गेले. त्यांच्यासाठी आम्ही सगळे जुने विद्यार्थी त्याच स्टुडिओत जमलो. टपरीवाले काकाही आले, बाहेर चपलांचा ढीग पडला होता. कुणीतरी मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि एकवार सगळ्यांकडे बघितलं. मोजलं नाही, नुसतं बघितलं. आणि डोळ्याला खुपलं.