ओळ चाळीस ते अठ्ठेचाळीस

परवा बँकेत पासबुक छापताना शाईच्या रिबनचा वास आला आणि मी थेट सत्तरच्या दशकातल्या कलकत्त्यात. बाबांची रेल्वेच्या तिथल्या गार्डन रीच कचेरीत बदली झालेली आणि मला एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम मिळालेलं. स्क्रीन नव्हताच बरं का, टाइप केलेलं सगळं कागदाच्या रोलवर खडखड छापलं जायचं.

आमचे सीनियर शंकरदा, माझ्या घाईमुळे मला 'पंजाब मेल' म्हणायचे. त्यांनी दोन महिने खपून लिहिलेल्या प्रोग्रामच्या कागदावर लाल खुणा करून दिल्या: ओळी १२ ते १५ काढ, मग ४० ते ४८. मी धडाधड दोन्ही हुकूम दिले. मग छापून बघितलं तर नको असलेल्या चार ओळी तशाच आणि त्यांच्या खालच्या चांगल्या चार गायब. वरच्या चार गेल्यावर खालच्या सगळ्यांचे नंबर चारने सरकले, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दादा, तुमचं काम घालवलं मी," असं म्हणत मी तो छापलेला कागद त्यांच्यापुढे धरला.

"डिस्कवर लिहिलंस?"

"नाही अजून."

"मग जुनी फाइल आहे तशीच आहे. पुन्हा उघड. आणि पंजाब मेल, या वेळी खालून वर ये. आधी चाळीस, मग बारा."

फाइल उघडली, गायब झालेल्या चारही ओळी खडखडत छापून आल्या आणि मला चक्क हसू फुटलं.

शंकरदा किती शांत होते, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. पण आता नीट आठवतंय, काम गेलं म्हटल्यावर ते ताडकन उभे राहिले होते आणि माझं "नाही" ऐकल्यावरच परत खुर्चीत बसले होते.