खाजाभाईंनी लावलेल्या चार पट्ट्या

खाजाभाई मोमीन म्हणजे टायमिंगचा माणूस. बत्तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं शेडभर हाका सुरू होतात तो. धागे उघडायचे, धोटा पलीकडं जायचा, फणीनं ठोकायचं. यातलं एक जरी केसभर मागंपुढं झालं की कापडाचं वाटोळं. खाजाभाई शेडच्या दारात उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "सात नंबर उशिरा मारायला लागलाय बघा." आणि तसंच असायचं!

कारखाना बंद पडला तेव्हा वय सत्तावन्न. ओळखीतून शहरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस म्हणून लागले. बायको हुसेनबी म्हणाली, "लूमां छोड के अब झिंगे संभालते?" खाजाभाई म्हणाले, "हौ. झिंगे तो झिंगे."

पण तिथं त्यांना भेटली दीक्षा. कुर्डुवाडीची पोरगी, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात, आणि ही पीएचडी करते झिंग्यांच्या पोहण्यावर. पहिल्याच आठवड्यात तिनं काचेच्या टाकीपाशी बसवून समजावलं. "चाचा, पोटाखाली पायांच्या पाच जोड्या दिसतात? वल्ह्यांसारख्या? या एकदम हलत नाहीत. आधी शेपटीकडची जोडी, मग तिच्या पुढची, मग तिच्याही पुढची. लाट मागून पुढं जाते. प्रत्येक जोडीसाठी चेतारज्जूवर, म्हणजे नसांच्या दोरीवर, एक गाठ असते. ती गाठ आपला ठेका आपणच धरते आणि शेजारच्या गाठीला कळवते, मी निघाले, आता तू ये."

"हे तर टायमिंगच हाय की!" खाजाभाई म्हणाले, आणि तिथून पुढं त्यांना त्या कामाची गोडीच लागली.

दीक्षाचं काम मोठं नाजूक. झिंगा बर्फात गुंगवायचा, पोटातला चेतारज्जू काढून खारट पाण्याच्या ताटलीत ठेवायचा आणि पाचपैकी चार गाठींवर चार बारीक तारा टेकवायच्या. पाय उरलेले नसतात, पोहायचं काही नसतं, तरी गाठींचा ठेका चालूच राहतो आणि पडद्यावर चार रेषा उड्या मारतात. तारांवर दीक्षानं आपल्या अक्षरात आकडे लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या, एक ते चार. एक नंबर शेपटीकडचा.

एप्रिलमध्ये सोलापुरात रस्त्याचं डांबर जागेवर राहत नाही, तिथं पट्टीचा डिंक कुठून राहणार! दीक्षा चौदा तारखेच्या जयंतीला दोन दिवस घरी गेली आणि इकडं चारही पट्ट्या सुटून ताटलीत पडल्या. तारा हुकांवर, शेपटीकडून डोक्याकडं अशा ओळीनं टांगलेल्या होत्या, त्यांची दुसरी टोकं यंत्रात पक्की बसवलेली. खाजाभाईंनी पट्ट्या पुसल्या, नवा डिंक लावला आणि कारखान्याच्या शिरस्त्याप्रमाणं मोटरच्या बाजूनं मोजायला लागले. मोटरजवळचा तो एक नंबर. आता झिंग्याची मोटर म्हणजे त्याचं डोकं, यात विचारायचं काय? एवढ्याशासाठी सणाच्या दिवशी पोरीला फोन कशाला करायचा?

झालं! पुढचे तीन आठवडे दीक्षानं अकरा झिंगे तपासले आणि अकराही वेळा लाट उलटी आली, डोक्याकडून शेपटीकडं. कुणाला कळू न देता तिनं मीठ बदललं, पाणी गार केलं, यंत्र उघडून पाहिलं. पट्ट्यांकडं तिचं लक्ष कशाला जाईल? त्यावर तिचंच अक्षर होतं.

गुरुवारी तिचे गाइड विरुपाक्ष सर कागद घेऊन आले. "शनिवारी पीएचडीची समिती आहे, दीक्षा, आणि अकराही वेळा उलटी लाट. एक तर तू मोठा शोध लावलायस, नाहीतर मोठी चूक केलीयस, आणि मला काही शोध दिसत नाही. हे दाखवलं तर विषयच बंद करतील. दोन वर्षं गेली समज."

"सर, मी जे दिसलं तेच लिहिलंय." दीक्षा म्हणाली.

खाजाभाई मोरीपाशी काचा धूत होते. उलटी लाट म्हटल्यावर त्यांचे हात थांबले. पट्ट्या! पण ते काचाच धूत राहिले. कंत्राटाची भीती होतीच, पण खरी भीती ही की पोरगी आता आपल्याला टेबलाजवळ उभं करणार नाही. त्या दिवशी घरी ते जेवले नाहीत. हुसेनबीनं खोदून खोदून काढून घेतलं आणि सरळ सुनावलं, "बोल के मोकले हो जाओ. बच्ची का नुकसान कायकू करते?"

शुक्रवारी सकाळी दीक्षा यायच्या आधीच ते दारात उभे होते. सगळं सांगून टाकलं. मोटर, डोकं, डिंक, सगळं.

दीक्षानं स्टूल ओढलं. रागावली नाही, पण वही पुढ्यात घेतली. "चाचा, नीट आठवून सांगा. चारही उलट क्रमानं लावल्या, का एखादी मधलीच इकडची तिकडं झाली? घोटाळा असेल तर अकराच्या अकरा फुकट."

"मॅडम, मी चुकीन. पण क्रम न्हाय मोडायचा. बत्तीस वर्षांत न्हाय मोडला."

तोंडी सांगण्यावर शास्त्र चालत नाही. दीक्षानं एकेक तार यंत्रापर्यंत बोटानं चाचपत नेली, सगळा क्रम उलटवून आकडे नव्यानं लिहिले आणि टाकीतला शेवटचा झिंगा काढला. तारा टेकवल्या. अर्धा तास रेषा मुडद्यासारख्या पडून. खाजाभाई मनातल्या मनात दुवा मागत होते. मग शेपटीकडची रेषा उसळली. तिच्यामागं दुसरी, तिसरी, चौथी. पुन्हा शेपटीकडची. अगदी ठरल्या अंतरानं!

"बरोबर!" दीक्षा ओरडली. "चाचा, चारही उलट होत्या! म्हणजे जुने अकराही बरोबर आहेत, नुसती नावं फिरवायची!" मग एकदम हसायला लागली. "पण डोक्याकडं मोटर म्हणे! अहो, त्या ताटलीत डोकं होतंच कुठं?"

खाजाभाईंनी ताटलीत वाकून पाहिलं. खरंच की! दोऱ्याएवढा तुकडा, डोक्याचा पत्ता नाही, आणि टायमिंग असं चोख. "कमालच हाय बाबा," ते म्हणाले, आणि कालपासून पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास आला.

विरुपाक्ष सरांनी सगळे कागद तपासले. मग म्हणाले, "पुस्तकात आहे तसं लिहून तू मोकळी झाली असतीस, तर आज दुरुस्त करायला खऱ्या नोंदीच उरल्या नसत्या."

शनिवारी खाजाभाई चहाचा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा समितीतल्या बाई विचारत होत्या, "तारांचे आकडे बदलले होते असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. ही चूक कुणाची?"

खाजाभाई जागच्या जागी थांबले.

"आमच्या लॅबची, मॅडम," दीक्षा म्हणाली. "आणि सांगितली पण आमच्या लॅबनंच."

बाईंनी मान डोलावली, सही केली आणि चहासाठी हात पुढं केला.