सोळंके मॅडमचा अंदाज

सोळंके मॅडमबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे दिव्य होतं. अनोळखी बायांच्या पिशवीत डोकावून त्या खुशाल विचारायच्या, “आज भरीत ना?” एकदा एका आजीनं सुनावलं, “न्हाई गं बाई, वांगे शेळीला हायेत!” मी लाजेनं अर्धी झाले. मॅडम मात्र हरखल्या. “लय छान! चुकले की मी!” अंदाज चुकला की त्यांना माणूस नव्यानं भेटायचा.

मूळच्या त्या वालूरच्या. परभणीत आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या; मी त्यांच्या हाताखाली होते. वाचनालयाच्या ॲपनं वाचकांना पुस्तकं सुचवावीत, हे काम आम्हा दोघींकडे होतं. गंगाखेडला राहणाऱ्या माझ्या आईनं त्यावरून दादांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, मधुमेहाच्या पथ्याची पुस्तकं मागवली होती. दादा गेले, तरी ॲप पथ्यच सुचवत राहिलं. “माणूस गेलं, अन् हा मोबाईल अजून पथ्यच दाखवायलाय,” म्हणत आईनं तो उशाखाली सारला. वाचणं सुटलं, मग बोलणंही. मला तिची फार काळजी वाटायची.

मी हे सांगितलं तेव्हा मॅडमनी कपाळाला हात लावला. “अगं, दोन पुस्तकांवरून माणूस ठरवला आपण! एकेका माणसात धा माणसं दडलेली असतात.” वाचकानं आधी घेतलेल्या पुस्तकासारखीच पुस्तकं पुढे करायची जुनी पद्धत त्यांनी मोडीत काढली आणि जनरेटिव्ह मॉडेल बसवायला घेतलं. सगळ्या वाचकांच्या नोंदींतून शिकून ते थोड्याशा खुणांवरून एकाच वाचकाच्या अनेक शक्य आवडी रचायचं आणि प्रत्येकीतलं एकेक पुस्तक सुचवायचं. सुरुवातीला ते सपशेल फसलं. एका आजोबांना बालगीतं सुचवली त्यानं! विभागप्रमुख वैतागले, “आधीचं चालत होतं ना?”

“चालत होतं, सर. पण हिची आई थांबलीय ना,” मॅडम म्हणाल्या.

मॉडेल जमल्यावर त्या स्वतः माझ्याबरोबर एसटीनं गंगाखेडला आल्या. आईच्या मोबाईलवर लोणची, रहस्यकथा, समुद्रप्रवास असं काहीबाही उमटलं. मॅडमचा भरवसा रहस्यकथेवर होता. आईनं समुद्रावर बोट ठेवलं. “गोदावरीबिगर दुसरं पाणी बघितलं न्हाई मी.”

“लय छान!” मॅडमनी टाळीच वाजवली.

परवा मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे मुंबईला निघाल्या. परभणी स्टेशनवर आई फुगलेली पिशवी घेऊन हजर.

“धपाटे ना, माझ्यासाठी?”

“न्हाई मॅडम. माझी लुगडी हायेत. तुमच्याच गाडीनं निघाले. समुद्र दाखवा मला.”

मला आईनं आधीच गप्प राहायची ताकीद दिली होती. मॅडम हसायला गेल्या आणि रडल्याच. “चुकले,” एवढंच म्हणाल्या, आणि आईला खिडकीची जागा दिली.