मिलो, परत जा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण शेवट आला की मलाच तुमच्याकडे बघवत नाही.

परदेशातून बोटीनं मिलो यायची ते दिवस. मिलो म्हणजे तांबडी ज्वारी. भाकरी थापावी तर परातीतच तिचे तुकडे. तेव्हा मी भांडगावच्या शाळेत मास्तर होतो. गावातले आबा रोज पारावर म्हणायचे, "आमचा पांढरा शाळू सरकार सक्तीनं लेव्हीत नेतंय, आन् रेशनला ही लाल बला देतंय. गुरुजी, कुठंतरी बोलाया नगं का?"

बोलायला मी कायमच तयार. दौंड स्टेशनात मिलोनं भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी लागल्या होत्या, तिथंच निदर्शनं करायची ठरली. पण दौंडात जमावबंदी होती. मी म्हणालो, "बंदी पाच जणांना आहे, आपण चौघंच जाऊ. कायदा मी वाचलाय." घोषणाही माझीच. मी म्हणायचं "मिलो", बाकीच्या तिघांनी म्हणायचं "परत जा".

आबांनी फलक धरला, मी पत्र्याचा कर्णा तोंडाला लावला. आवाज माझा मुळात खणखणीत, त्यात कर्णा. "मिलो" म्हटलं की पार पुलापर्यंत जायचं. बघता बघता हमाल, चहावाले, गाडीची वाट बघणारे असे पन्नासेक लोक भोवती उभे राहिले. मला वाटलं, वा, काय भाषण आहे आपलं.

तेवढ्यात रेल्वे पोलिसांचा जमादार आला. माणूस उत्तरेकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक मिलो म्हणजे काय? "जमाव बंद है, और तू मिलो-मिलो करके लोगों को बुलाता है?"

बरोबरचे दोघे कधी पळाले कळलंच नाही. आता एवढंच सांगायचं होतं की साहेब, मिलो हे धान्याचं नाव आहे. पण मला नोकरी दिसायला लागली, म्हणजे गेलेली. मी म्हणालो, "मिलने को आया, साब. मामा आनेवाला है, गाडी से."

"और ये भोंपू?"

"मामा बहिरा है."

जमादारानं आबांकडे बोट केलं. "ये तेरे साथ है?"

सकाळी एसटीत याच आबांच्या पुडीतले शेंगदाणे मी खाल्ले होते. सालं अजून सदऱ्यावर होती. मी म्हणालो, "इसको पहचानता नहीं."

आबांनी फलक आणखी वर धरला. मग जमादाराला म्हणाले, "मी न्हाई कुनाला भेटाया आलो. ही मिलो नगं, हे सांगाया आलोय. चार मानसांनी येवढं बी बोलू न्हाई व्हय?"

जमादाराला शब्द कळला नाही, पण फलक दिसला. आबांना चौकीत नेलं. मला सोडलं, वर "मामा को नमस्ते बोलना" म्हणाला.

दिवसभर मी फलाटावर त्या बहिऱ्या मामाची वाट बघत असल्यासारखा बसून राहिलो. उन्हं कलल्यावर कसाबसा धीर करून चौकीच्या दारात गेलो. त्याच जमादारानं आत आवाज दिला, "बाबा, आपसे कोई मिलने आया है."

आबा बाकावर बसले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि माझीच घोषणा, अगदी हळू आवाजात, मला ऐकवली.

"मिलो, परत जा."